शाळेतलं ग्रंथालय : पुस्तकं आली, तास कधी येणार?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची यादी आहे. किती मुलांमागे किती शिक्षक, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, आणि त्याच यादीत ग्रंथालय. वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा त्यात हवीत, असं कायदा स्पष्ट सांगतो. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. शाळांनीच भरलेल्या युडायसच्या २०२१-२२ च्या माहितीप्रमाणे देशातल्या सुमारे ८७ टक्के शाळांत ग्रंथालय, पुस्तकपेढी किंवा वाचनकोपरा आहे. कागदावर पाहिलं तर काम बहुतेक झालेलं आहे.

‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे सर्वेक्षक ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत जातात तेव्हा आणखी एक साधी गोष्ट टिपतात. आपण आलो त्या दिवशी पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरं एखादं पुस्तक मुलांच्या हातात दिसलं का? असं दिसलेल्या शाळा २०१८ मध्ये सुमारे ३७ टक्के होत्या, २०२२ मध्ये ४४ टक्के आणि २०२४ मध्ये ५१ टक्के. वाढ झाली आहे आणि तिचं स्वागतच करायला हवं. तरी जवळजवळ निम्म्या शाळांत त्या दिवशी पुस्तकं कपाटातच होती. शाळेच्या ग्रंथालयाचं भवितव्य म्हटलं की टॅब, ई-पुस्तकं, कृत्रिम बुद्धिमत्ता अशी चर्चा लगेच सुरू होते. मला हे भवितव्य ८७ आणि ५१ या दोन आकड्यांमधल्या अंतरात दिसतं. पुस्तकं पोहोचवण्याचं काम आपण बऱ्यापैकी केलं. ती वाचायला वेळापत्रकात तास आणि त्या तासाची जबाबदारी घेणारा माणूस, हे दोन्ही द्यायचं मात्र राहून गेलं.

आणि हे आजचं नाही. माध्यमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या मुदलियार आयोगाने १९५३ साली शाळांतल्या ग्रंथालयांची जी अवस्था नोंदवली, ती आजही पुष्कळ मुख्याध्यापकांना ओळखीची वाटेल. पुस्तकं जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली. अपुऱ्या, उदास खोलीत चार कपाटं. कारभार कारकुनाकडे किंवा त्यात रस नसलेल्या एखाद्या शिक्षकाकडे, तोही फावल्या वेळातला. त्यानंतर १९८७ ची खडू-फळा मोहीम आली. प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य द्यायचं असं ठरलं. त्या साहित्यात मुलांसाठी पुस्तकंही होती. अनेक शाळांत ते साहित्य खराब होऊ नये म्हणून बंदच ठेवलं गेलं. २०१८ पासून समग्र शिक्षा अभियानातून शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांची आणि सार्वजनिक ग्रंथालयं वाढवण्याची, पुस्तक मंडळं चालवण्याची, गावातली शालेय ग्रंथालयं शाळेच्या वेळेनंतर गावासाठी खुली ठेवण्याची भाषा आहे. दर वेळी वस्तू आली, खोली आली, निधी आला. माणूस आला नाही.

मराठी माणसाच्या आठवणीत याच्या उलट क्रमाने झालेलं एक काम आहे, म्हणून ते इथे सांगतो. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. मध्यवर्ती ग्रंथालय, त्यात मुलांचा वेगळा विभाग, खेड्यापाड्यांत जाणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या हे सगळं पुढे नावाजलं गेलं. पण बॉर्डनने सुरुवातीलाच, १९११ मध्ये, काय सुरू केलं? ग्रंथपाल घडवणारा प्रशिक्षणवर्ग. पेटी गावात पोहोचल्यावर ती उघडणारा, पुस्तक कोणाच्या हातात द्यायचं हे कळणारा कोणीतरी लागतो, हे त्या राज्यकर्त्याला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या काळात उमगलं होतं.

आता कपाटाकडे येऊ, कारण सगळी गोष्ट तिथे अडते. जिल्हा परिषदेच्या दोन-शिक्षकी शाळेत पुस्तकांचा गठ्ठा आला की तो साठा नोंदवहीत चढतो. नाव, किंमत, संख्या. त्या क्षणापासून ते पुस्तक मुख्याध्यापकांच्या चार्जमधली मालमत्ता होतं, टेबल-खुर्चीसारखं. बदली झाली की चार्ज देताना पुस्तकं मोजून द्यावी लागतात. तपासणीला कोणी आलं की नोंदवही आणि कपाट जुळवलं जातं. पहिलीतल्या मुलाने घरी नेलेलं चित्रांचं पुस्तक धाकट्या भावाने फाडलं, चुलीपाशी राहिलं, पावसात भिजलं, तर भरपाई कोणी करायची? निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा म्हणजे अर्ज, यादी, मंजुरी, आणि त्यासाठी पंचायत समितीत चकरा. शंभर रुपयांच्या पुस्तकासाठी एवढा खटाटोप कोणता शिक्षक करेल? तो कुलूप लावतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही लावलं असतं. वाचनसंस्कृतीवर त्याला भाषण देऊन हे कुलूप उघडणार नाही.

यावर उपाय सरकारच्याच नियमांत सापडतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक सवलत आहे. वर्षभरात दिल्या-घेतल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले तर ते रास्त मानावं. हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी आहे आणि प्रौढ वाचक डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. सहा वर्षांच्या मुलांच्या हातातल्या पुस्तकांना हजारात पाच पुरणार नाहीत. पन्नास-शंभर सहज फाटतील, आणि फाटायलाच हवीत. शाळांच्या पुस्तकांसाठी राज्याने असा स्पष्ट आकडा ठरवून दिला, चित्रपुस्तकं तीन-चार वर्षांत संपणारं साहित्य म्हणून धरली, खडूसारखी, तर शिक्षकाच्या मनावरचं ओझं एका आदेशाने उतरेल. खर्च जवळजवळ शून्य. ग्रंथालयांबद्दलच्या चर्चांत हा मुद्दा क्वचित येतो. माझ्या मते तो पहिल्या क्रमांकाचा आहे.

कुलूप उघडलं आणि पुस्तकं बाहेर आली की मुलं शिकतात का? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा, कारण ग्रंथालयप्रेमी मंडळी उत्तर गृहीत धरून चालतात. फिजीतल्या ग्रामीण शाळांत वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी १९८० च्या सुमारास केलेला प्रयोग फार उद्धृत केला जातो. चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजीतली सुमारे अडीचशे रंजक, सचित्र पुस्तकं दिली. इंग्रजी ही त्या मुलांची घरची भाषा नव्हती. रोज वाचन झालं, आणि नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा ही मुलं वाचनात साधारण दुप्पट वेगाने पुढे गेली. हे वाचून हुरूप येतो.

पण आपल्या शेजारच्या कर्नाटकातला अनुभव वेगळं सांगतो. तिथल्या सरकारी शाळांसाठी चाललेल्या एका ग्रंथालय उपक्रमाचा काटेकोर, यादृच्छिक पद्धतीने अभ्यास झाला. तो निबंध एव्हन बोर्कम, फांग हे आणि ली लिंडेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. सोळा महिन्यांनी मुलांची भाषेची चाचणी घेतली, तेव्हा ग्रंथालयाचा काहीही परिणाम दिसला नाही. ग्रंथालयाची खोली असलेल्या ठिकाणी फरक शून्य. जिथे ग्रंथपाल पुस्तकं घेऊन शाळाशाळांतून फिरत होते तिथे तर गुण थोडे घसरले. हे निष्कर्ष गैरसोयीचे आहेत म्हणून बाजूला सारू नयेत. याच लिंडेन यांनी सहकाऱ्यांबरोबर फिलिपिन्समध्ये तारलाक प्रांतातल्या शंभर शाळांत दुसरा अभ्यास केला. तिथे चौथीच्या वर्गांना वयाला साजेशी गोष्टींची पुस्तकं मिळाली, शिक्षकांना ती वर्गात कशी वापरायची याचं प्रशिक्षण मिळालं आणि सलग ३१ दिवस रोज वाचनासाठी वेळ राखून ठेवला गेला. मुलांची वाचनक्षमता मोजण्याइतकी वाढली, मुलं जास्त पुस्तकं वाचू लागली. उपक्रम संपल्यावर परिणाम हळूहळू ओसरलाही.

हे तिन्ही अनुभव शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक होते. फिजीत आणि तारलाकमध्ये पुस्तकं वर्गात होती, वाचन वर्गशिक्षकाच्या हाताखाली होत होतं आणि रोज होत होतं. कर्नाटकात ग्रंथालय हे वर्गाबाहेरचं, जोडलेलं काम राहिलं. शिक्षकाच्या शिकवण्याशी त्याची गाठ पडली नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या शाळांच्या १९९३ च्या प्रसिद्ध अभ्यासात चांगलं, पुरेसं मनुष्यबळ असलेलं ग्रंथालय आणि मुलांचे चांगले गुण एकत्र आढळले होते. पण जिथे शाळा सधन तिथे ग्रंथालयही सधन, ही शक्यता अशा अभ्यासांत पूर्ण पुसता येत नाही, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. फिरत्या ग्रंथपालांचा धडा मात्र महाराष्ट्राने नीट घ्यावा. केंद्रशाळेत एक ग्रंथालय करू, तिथून आठ-दहा शाळांना पेट्या पाठवू, ही कल्पना आपल्याकडेही पुन्हा पुन्हा पुढे येते. पेटी पाठवून थांबलं तर काय होतं ते कर्नाटकाने पैसे आणि कष्ट खर्चून दाखवलं आहे.

मग ग्रंथालयाचा चांगला तास दिसतो तरी कसा? वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याहून काम करणारी ‘क्वेस्ट’ संस्था, गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत ग्रंथालयाचे तास घेणारी ‘बुकवर्म’ आणि अशा काही मंडळींनी गेल्या वीसेक वर्षांत ही पद्धत घडवली आहे. अनेक जिल्हा परिषद शिक्षकही कोणाच्या आदेशाविना ती वापरतात. शिक्षिका मुलांच्या पातळीवर खाली बसते. पुस्तक छातीशी, चित्र मुलांकडे. मुखपृष्ठावर पाच मिनिटं जातात: हा मुलगा कुठे निघालाय, त्याच्या हातात काय आहे, आकाश असं का? वाचताना पान उलटायच्या आधी ती थांबते. पहिलीतला एखादा पुढे सरकून चित्रावर बोट ठेवतो आणि स्वतःच्या बोलीत सांगतो की ही शेळी आमच्याकडच्यासारखी आहे. शिक्षिका त्याचं वाक्य दुरुस्त करत नाही. गोष्ट संपल्यावर बोध विचारत नाही, प्रश्नोत्तरं फळ्यावर येत नाहीत. मग दोरीवर टांगलेली पुस्तकं मुलं स्वतः काढून घेतात. देवघेवीची वही बालमंत्रिमंडळातली ग्रंथालयमंत्री सांभाळते, चौथीतली. तिच्या वहीत एका मुलीच्या नावापुढे एकच पुस्तक तिसऱ्यांदा आलेलं असतं, आणि बाई म्हणतात, नेऊ दे तिला.

वरवर पाहिलं तर पस्तीस-चाळीस मिनिटांत ‘शिकवलं’ काहीच गेलं नाही. पण मुलाने अंदाज बांधला, तो चुकला, त्याने पुन्हा बांधला. लिखित भाषेतली लांब वाक्यं त्याच्या कानावर पडली, जी घरी किंवा टीव्हीवर पडत नाहीत. छापील मजकुरात आपल्या घरासारखं काही असू शकतं हे त्याला कळलं. अक्षरओळख झालेलं पण वाचायला न लागलेलं मूल बहुतेक वेळा इथेच अडकलेलं असतं: उलगडून वाचण्याजोगं, वाचावंसं वाटणारं काही त्याच्यासमोर येतच नाही. देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०२२ मध्ये सुमारे १६ टक्के होती आणि २०२४ मध्ये सुमारे २३ टक्के, असं ‘असर’ सांगतो. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, पायाभूत वाचनावर भर आला, त्याचं श्रेय द्यायला हवं. तरी चारांत तीन मुलं मागे आहेत. या मुलांना आणखी स्वाध्यायपुस्तिका देण्यापेक्षा आठवड्यातले दोन असे तास द्यावेत, यावर माझा ठाम विश्वास आहे.

हा तास घेणार कोण, इथे महाराष्ट्रातली व्यवस्था उघडी पडते. माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर ठरतं. मोठ्या शाळांना पूर्णवेळ, त्याखालच्या काही शाळांना अर्धवेळ, आणि लहान शाळांना काहीच नाही. अर्धवेळ ग्रंथपालांचे पगार आणि पूर्णवेळ होण्याची त्यांची वर्षानुवर्षांची मागणी हा शिक्षक-शिक्षकेतर संघटनांच्या निवेदनांतला कायमचा विषय आहे. ग्रंथपाल ‘शिक्षकेतर’ गणला जातो, यातच सगळं आलं. परीक्षेच्या काळात पर्यवेक्षण, एरवी पाठ्यपुस्तकांचं वाटप, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहिती भरणं यांत त्याचा दिवस जातो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर हे पदच नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा-पंधरा हजारांच्या घरात आहेत; तिथे वेगळा ग्रंथपाल मागणं व्यवहार्य नाही, हे मीही मान्य करतो. तिथे शिक्षकच ग्रंथपाल असणार. म्हणूनच डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात ग्रंथालयाचा तास घेण्याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण हवं: प्रकटवाचन कसं करायचं, वयानुसार पुस्तकं कशी निवडायची, वाचनावर मुलांशी बोलायचं कसं. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ने शालेय ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम तयार केला आहे आणि देशभरातली माणसं त्यातून शिकून गेली आहेत. म्हणजे काय शिकवायचं याचं ज्ञान आपल्याकडे आहे. ते जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांपर्यंत, म्हणजे डाएटपर्यंत, नेण्याची इच्छा हवी.

मोठ्या माध्यमिक शाळांबद्दल मात्र मी तडजोडीला तयार नाही. तिथे पूर्णवेळ माणूस हवा, त्याला शिक्षकाचा दर्जा हवा आणि वेळापत्रकात त्याचे तास हवेत.

पुस्तकांचं म्हणाल तर मराठीत लहान मुलांसाठी काहीच नाही ही तक्रार आता जुनी झाली. माधुरी पुरंदरे यांची ‘वाचू आनंदे’ मालिका आणि त्यांची चित्रपुस्तकं, ज्योत्स्ना प्रकाशनाने सातत्याने काढलेली बालपुस्तकं, प्रथम बुक्स, एकलव्य, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी पुस्तकं, अरविंद गुप्ता यांनी मराठीत करवून घेऊन सर्वांना फुकट खुली केलेली विज्ञानाची आणि शिक्षणाची पुस्तकं, १९७१ पासून चालू असलेलं बालभारतीचं ‘किशोर’, अलीकडचं ‘चिकूपिकू’. चांगला संग्रह उभा राहील इतका माल आहे. अडचण निवडीची आहे. प्राथमिक शाळेच्या ५,००० रुपयांत, सरासरी शंभर रुपये किंमत धरली तर, वर्षाला पन्नास पुस्तकं येतात. पाच वर्षांत अडीचशे, म्हणजे फिजीच्या एका वर्गाला मिळाली तेवढी. ही पन्नास पुस्तकं शाळेने निवडली तर त्यांत जीव असतो. वरून एकगठ्ठा ठरवून आली तर थोर पुरुषांची चरित्रं, सामान्यज्ञान, निबंधमाला आणि पहिलीच्या मुलाला न उचलवणारे जाड ग्रंथ यांचीच भरती होते. मुलांची चरित्रांवर माया असू शकते, त्याबद्दल वाद नाही. पण सहा वर्षांच्या मुलासाठी पानावर दोन ओळी आणि एक उत्तम चित्र हवं असतं. पुस्तकं घेण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी चार प्रकाशकांची पुस्तकं मांडावीत आणि शिक्षकांनी, शक्य तर मुलांनीही, ती हाताळून निवडावीत. खरेदीची रक्कम तीच राहील, पण आलेली पुस्तकं वाचली जातील.

यात एक वर्ग सगळ्यात मागे राहतो. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल, भामरागडचं माडिया, धडगावचं पावरी, डहाणू-तलासरीचं वारली. शाळेत आल्यावर त्याच्यासाठी मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा असते. फिजीचा प्रयोग अशाच मुलांवर झाला होता, म्हणून तो आपल्याला महत्त्वाचा. या मुलांसाठी कपाटात आधी त्यांच्या भाषेतली पुस्तकं हवीत, मग दोन भाषांतली, मग मराठी. अशी छापील पुस्तकं अगदी थोडी आहेत. व्यापारी प्रकाशकाला ती परवडणार नाहीत. इथे आदिवासी विकास विभागाने आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पैसे घालायला हवेत. आश्रमशाळा निवासी असतात. संध्याकाळी पाच ते नऊ हा वेळ तिथे मुलांजवळ असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो वेळ रिकामा जातो.

पडद्याचा विचार इथे करतो, कारण पुस्तकांच्या टंचाईवर तोच उपाय म्हणून सांगितला जातो. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हा मुक्त परवान्याचा गोष्टींचा साठा सुरू केला. तिथून कोणीही मराठी गोष्ट उतरवून छापू शकतो, भाषांतर करू शकतो. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, राज्याच्या शिक्षण विभागाने त्यातूनच ‘गोष्टींचा शनिवार’ चालवला. दर शनिवारी मुलांच्या मोबाइलवर गोष्ट जायची. बंद शाळांच्या त्या दिवसांत हा फार मोलाचा आधार होता. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत, आणि तो खजिना आहे. केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी आणि किशोरांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जाहीर केलं आणि त्यातून राष्ट्रीय ई-पुस्तकालय उभं राहिलं. या सगळ्याचा शाळेला खरा उपयोग शिक्षकाच्या हातून होतो. निवडलेली गोष्ट छापून दोरीवर टांगायची, किंवा वर्गातल्या टीव्हीवर मोठी करून सगळ्यांनी मिळून वाचायची. वारली किंवा कोरकूतली गोष्ट वर्गाने स्वतः लिहून अशा साठ्यात घालणंही शक्य आहे, आणि मला हे सगळ्यात आशादायक वाटतं. मुलाच्या हातात मोबाइल देऊन ‘त्यावर हजार पुस्तकं आहेत’ म्हणणं ही मात्र जबाबदारीतून अंग काढून घेणं आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी सुमारे ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी सुमारे ७६ टक्के. एकटं मूल मोबाइलवर कुठे जातं ते या आकड्यांवरून दिसतं.

माध्यमिक शाळेत ग्रंथालयाचं काम याहून वेगळं आहे, आणि ते येत्या काळात सगळ्यात वेगाने बदलणार आहे. आठवी-नववीचा ‘प्रकल्प’ आज कसा होतो ते प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. पूर्वी स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते यायचे, मग सायबर कॅफेतून छापील पानं आली, आता चॅटजीपीटीला विषय सांगितला की दोन पानं मराठीत तयार. मुलाला दोष देऊन काय मिळणार? त्याला प्रश्न कसा विचारायचा, उत्तर कुठून आलं हे कसं पाहायचं, दोन ठिकाणी वेगळी माहिती मिळाली तर काय करायचं, हे कोणत्याच विषयाच्या तासाला शिकवलं जात नाही. मराठीच्या शिक्षिकेला धडा संपवायचा असतो, इतिहासाच्या सरांना सनावळ्या. हे काम ग्रंथालयाचं आहे.

ते करायला महागडी यंत्रं लागत नाहीत. गावातल्या पाणीटंचाईवरच्या एका बातमीपासून सुरुवात करता येते. त्याच दिवशीच्या दोन वेगवेगळ्या मराठी वर्तमानपत्रांतली ती बातमी घ्यायची. कायद्याने शाळेत वर्तमानपत्र यायलाच हवं, हे पुन्हा सांगतो. एकात धरणातला साठा टक्क्यांत दिला असेल, दुसऱ्यात दशलक्ष घनफुटांत. एकात अधिकाऱ्याचं म्हणणं असेल, दुसऱ्यात सरपंचांचं. मग चॅटजीपीटीसारख्या यंत्राला तोच प्रश्न विचारायचा आणि त्याने दिलेल्या उत्तरातला कोणता आकडा कुठून आला ते शोधायचं. जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्या गावाच्या विहिरींबद्दल काय लिहिलंय ते काढायचं. शेवटी आजोबांना विचारायचं. मराठीत या यंत्रांची माहिती इंग्रजीच्या मानाने तोकडी आहे, स्थानिक गोष्टींत ती आत्मविश्वासाने चुकतात, हे मुलांना अशा वेळी स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. असा तास घेणारा ग्रंथपाल शिक्षकेतर कसा?

वाचनाचे सोहळे आपल्याकडे आहेत. डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन होतो. अलीकडे महावाचन उत्सव सुरू झाला. त्यानिमित्ताने कपाटं उघडतात, मुलं पुस्तकावर लिहितात, हे मला मोलाचं वाटतं. पण त्या दिवसाचे फोटो आणि मजकूर चढवण्यात शिक्षकांची जी दमछाक होते ती कमी व्हायला हवी, आणि वरच्या कार्यालयांनी एकच गोष्ट विचारावी: या आठवड्यात ग्रंथालयाचा तास झाला का, किती मुलांनी पुस्तक घरी नेलं? केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत देवघेवीची वही उघडून पाहिली तरी पुरे. ती वही सगळं सांगते.

शाळेबाहेरची एक ताकद मात्र अगदी न वापरलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात अकरा-बारा हजार आहेत. पुष्कळ ठिकाणी ती शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतात. सकाळी वर्तमानपत्रं वाचणारी चार ज्येष्ठ मंडळी आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण सोडले तर तिथे कोणी नसतं. मुलांचा विभाग एका फळीवर. शाळा शिक्षण खात्याखाली, ही ग्रंथालयं उच्च व तंत्रशिक्षण खात्याच्या ग्रंथालय संचालनालयाखाली, म्हणून एकमेकांशी व्यवहार नाही. शाळेला पुस्तकं हवीत, ग्रंथालयाला वाचक हवेत. शाळेच्या प्रत्येक मुलाला गावच्या ग्रंथालयाचं सभासदत्व मोफत मिळावं, महिन्याला दोनशे बालपुस्तकांचा संच शाळेत जावा आणि बदलून यावा, ग्रंथालयाचा कर्मचारी आठवड्यातून एक तास वर्गशिक्षकाबरोबर बसावा, वर्गशिक्षकाला वगळून नव्हे. अनुदानाच्या निकषांत बालसभासदांची संख्या घातली की ग्रंथालयांची कार्यकारी मंडळं स्वतः शाळेच्या दाराशी येतील.

धोरण म्हणतं तसं शाळेचं ग्रंथालय संध्याकाळी गावाला उघडं ठेवायचं झालं, तर किल्ली कोणाकडे, दिवाबत्तीचं बिल कोण भरणार, पुस्तक गेलं तर कोणाच्या नावावर, हे आधी ठरवावं लागेल. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांनी मिळून गावातल्याच एखाद्या बारावी झालेल्या मुलीला मानधनावर दोन तास बसवलं तर हे होण्याजोगं आहे. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीच्या आराखड्यात शिक्षणावरचा खर्च दाखवता येतो. मानधनाचा मुद्दा तिथे बसत नसेल तर जिल्हा परिषदेने सेस फंडातून तो उचलावा. सुरुवात प्रत्येक तालुक्यात पाच शाळांपासून केली तरी चालेल. त्या पाच शाळांतल्या देवघेवीच्या वह्या दर तीन महिन्यांनी कोणीतरी वाचायला हव्यात, आणि हरवलेल्या पुस्तकांची यादी मुख्याध्यापकांच्या पगारातून वजा न होता मंजूर व्हायला हवी.